इन्स्ट्रक्टर व्हायचंय? फ्लाइंग स्कूल निवडण्याआधी काय काय तपासाल

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात आल्यावर इन्स्ट्रक्टर रेटिंगकडे, म्हणजे विमान उडवायला शिकवण्याच्या परवान्याकडे, वळणारे ढोबळमानाने दोन प्रकारचे. एकाला उड्डाणाचे तास वाढवायचे असतात, दुसऱ्याला खरंच शिकवायचं असतं. पहिल्याला नावं ठेवायचं काही कारण नाही; एअरलाइनच्या वाटेवर तास लागतात आणि ते कुठून तरी यावेच लागतात. पण स्कूलला फोन केला की दोघांचाही पहिला प्रश्न ठरलेला: कोर्स किती दिवसांचा आणि खर्च किती? हा प्रश्न मागे ठेवा. आधी विचारा, मला शिकवणार कोण?

आधीच्या लायसन्सच्या वेळी तुम्ही विमान उडवायला शिकलात. आता विमान उडवता उडवता बोलायचं आहे, समोरच्याला चूक करू द्यायची आहे आणि ती अंगाशी येण्याआधी नेमक्या क्षणी हात घालायचा आहे. हे कौशल्यच वेगळं. त्यामुळे सीपीएलसाठी उत्तम ठरलेलं स्कूल यासाठीही उत्तम असेल, असं धरून चालू नका. बऱ्याच ठिकाणी सीपीएलचे विद्यार्थी रांगेने असतात आणि इन्स्ट्रक्टरचा कोर्स कुणी मागितला तरच, जमेल तसा उरकला जातो.

आधी ठरवा: शिकवणार कुठल्या नियमांखाली?

इन्स्ट्रक्टर रेटिंग ज्या देशाच्या लायसन्सवर चढतं, त्याच नियमांनी चालतं. दुसरीकडे वापरायचं तर रूपांतराची वेगळी प्रक्रिया, वेगळ्या परीक्षा. स्वस्त पडतं म्हणून एका देशात कोर्स करायचा आणि शिकवायचं भलतीकडे, हा हिशेब बहुतेकदा फसतो. म्हणून पुढची दोन-तीन वर्षं कुठे शिकवणार, हे आधी ठरवा.

अमेरिकेत एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमांनुसार विमानाचा इन्स्ट्रक्टर व्हायला कमर्शियल किंवा एटीपी (एअरलाइन वैमानिकाचं) लायसन्स, त्यावर इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी), शिकवण्याच्या मूलतत्त्वांची लेखी परीक्षा, विषयाची वेगळी लेखी परीक्षा आणि स्पिनचं (पंखांची उचल तुटून विमान गरगरत खाली येतं, त्याचं) प्रशिक्षण घेतल्याची लॉगबुकमधली नोंद लागते. एफएएच्या पार्ट ६१ या नियमगटाखाली शिकलात तर इन्स्ट्रक्टर कोर्सच्या उड्डाणांना तासांची किमान अट नाही. तयारी झाली असं तुमच्या इन्स्ट्रक्टरला वाटलं की परीक्षा. पार्ट १४१ खाली चालणाऱ्या, एफएएने मान्य केलेल्या ठरीव अभ्यासक्रमात पहिल्यांदाच रेटिंग घेणाऱ्याला ४० तास ग्राउंड आणि २५ तास उड्डाण असा साचा आहे.

युरोपात ईयासाच्या (युरोपीय विमान सुरक्षा संस्थेच्या) चौकटीत हा कोर्स मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतच करावा लागतो. सुरू होण्याआधीच्या ६ महिन्यांत प्रवेशपूर्व उड्डाण चाचणी द्यावी लागते. कोर्समध्ये शिकवण्याच्या शास्त्राचे २५ तास, थिअरीचे १०० तास आणि किमान ३० तास उड्डाण असतं, त्यातले २५ तास ड्युअल, म्हणजे शिकवणारा सोबत बसलेला. भारतात डीजीसीएच्या (आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या) पद्धतीत आधी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग आणि मग पूर्ण रेटिंग, अशा पायऱ्या आहेत.

यातून स्कूल निवडण्याच्या दृष्टीने एक मोठा फरक पडतो. अमेरिकेत नवा इन्स्ट्रक्टर दुसऱ्या दिवसापासून एकट्याच्या जबाबदारीवर शिकवू शकतो. युरोपात मात्र सुरुवातीचं रेटिंग मर्यादित असतं. १०० तास शिकवून आणि विद्यार्थ्यांची किमान २५ सोलो (एकट्याने केलेली) उड्डाणं सांभाळून होईपर्यंत अनुभवी इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखालीच काम करावं लागतं. म्हणजे कोर्स झाला आणि देखरेखीखाली ठेवून घेणारं कुणी भेटलंच नाही, तर कागद हातात आणि तुम्ही घरी. त्यामुळे तिथे शिकणाऱ्याने प्रवेश घेण्याआधीच विचारायला हवं: गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडून बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांची मर्यादा उठली, आणि ती कुठे उठली?

शिकवणारा माणूस बघा, इमारत नंतर

पहिल्यांदा इन्स्ट्रक्टर होऊ पाहणाऱ्याला शिकवायला कुठलाही इन्स्ट्रक्टर चालत नाही. एफएएचा सर्वसाधारण नियम असा की अशा उमेदवाराला विमानावर तयार करणारा इन्स्ट्रक्टर किमान २४ महिने इन्स्ट्रक्टर असावा आणि त्याने किमान २०० तास शिकवलेलं असावं. काही मान्य कार्यक्रमांना पर्यायी अटी आहेत, पण रोख तोच. माझ्या मते ही किमान अट खरोखर किमानच आहे. २०० तास शिकवलेल्या माणसाने सोलोला सोडलेले विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतकेच असतील, आणि विद्यार्थी किती नाना तऱ्हेने चुकू शकतो हे त्याने अजून पुरतं पाहिलेलं नसेल.

तेव्हा स्कूलच्या काउंटरवर 'आमचे सीनियर इन्स्ट्रक्टर' हे उत्तर घेऊन परत येऊ नका. माणसाचं नाव विचारा. त्याने आजवर किती नवे इन्स्ट्रक्टर घडवले? हंगामात आठवड्याला त्याचे किती तास भरतात? एफएएच्या नियमात २४ तासांत ८ तासांपेक्षा जास्त उड्डाण-प्रशिक्षण देता येत नाही, पण त्या रेषेच्या जवळ रोज घुटमळणाऱ्या माणसाकडे संध्याकाळी डिब्रीफिंगला (उड्डाणानंतरच्या चर्चेला) त्राण उरत नाही. आणि हेही विचारा, जरा आडून विचारलं तरी चालेल: तो एअरलाइनच्या बोलावण्याची वाट बघतोय का? असेल तर त्याचा दोष नाही, पण अर्ध्या कोर्सवर इन्स्ट्रक्टर बदलला की नवा माणूस तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून पारखणार आणि त्या उड्डाणांचं बिल तुमच्याच नावावर.

मग त्याला शिकवताना पाहा. चार सीटच्या विमानात, विद्यार्थ्याची आणि स्कूलची परवानगी घेऊन, मागच्या सीटवर बसता आलं तर याहून चांगली चौकशी नाही. बघायचं काय, तर हात. विद्यार्थी फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत उतरताना) जरा उंच आहे, स्पीड जास्त आहे, फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) उशिरा होणार हे मागे बसलेल्या तुम्हालाही दिसतंय. चांगल्या इन्स्ट्रक्टरचा उजवा हात अशा वेळी मांडीवर सैल पडलेला असतो, पण बोटं योकपासून, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगपासून, वीतभरच लांब. डावा हात थ्रॉटलच्या मागे, विद्यार्थ्याच्या हाताला न लागता. विमान टेकतं, उसळतं. इन्स्ट्रक्टर "थोडी पॉवर, नाक तिथेच धर" एवढंच म्हणतो, आणि दुसरी उसळी येणार असं वाटलं तरच "आय हॅव कंट्रोल" येतं. टॅक्सीवेवर आल्यावर तो भाषण देत नाही, आधी विचारतो, "काय झालं असं वाटतं तुला?" याउलट, दर लँडिंगला विद्यार्थ्याबरोबर स्वतःही योक धरून बसणारा इन्स्ट्रक्टर तुम्हाला सुरक्षित लँडिंग दाखवील, शिकवणं दाखवणार नाही. तुम्ही पुढे त्याच्यासारखेच शिकवणार आहात, कारण शिकवण्याच्या सवयी बहुतांशी बघूनच लागतात.

विमा किंवा स्कूलचे नियम मागे बसू देत नसतील तर ब्रीफिंग आणि डिब्रीफिंगला बसू द्या म्हणा. तेही नाकारलं, तर दुसरं स्कूल बघायला लागा.

विमानं: उजव्या सीटवरून

कुठलंही विमान डावीकडून ओळखीचं वाटतं. इन्स्ट्रक्टरच्या कोर्समध्ये तुम्ही उजवीकडे बसणार, हात बदलणार, आणि नाकाची क्षितिजाशी लागणारी रेघ वेगळीच दिसणार. जुन्या पॅनेलवर एअरस्पीड इंडिकेटर डाव्या टोकाला असतो; उजवीकडून तो तिरका दिसतो आणि काटा किंचित इकडेतिकडे वाचला जातो. म्हणून प्रवेशाआधी ज्या विमानावर कोर्स होणार त्यात उजवीकडे प्रत्यक्ष बसा. उजव्या बाजूला टो ब्रेक (पायाच्या बोटांनी दाबायचे ब्रेक) आहेत का? जुन्या पायपर चेरोकींपैकी अनेकांत नसतात. विद्यार्थी घाबरून रडरच्या (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या) पेडलवर पाय रोवून बसला तर उजवीकडून काय करता येईल? दोन्ही इंटरकॉम नीट चालतात का? कोर्सभर बडबड करायची आहे, तेव्हा खरखरणारा इंटरकॉम रोजची डोकेदुखी होते.

स्पिनचं काय, हा पुढचा प्रश्न. सगळी विमानं मुद्दाम स्पिन करायला मान्य नसतात. सेस्ना १५२ मान्य आहे. सेस्ना १७२ युटिलिटी कॅटेगरीच्या मर्यादेत, म्हणजे वजन कमी ठेवून आणि मागच्या सीट रिकाम्या ठेवून. डायमंड डीए४० आणि सिरस एसआर२० वर मुद्दाम स्पिन करायला मनाई आहे. ताफ्यात फक्त नवी, काचेच्या पॅनेलची (काट्यांऐवजी स्क्रीन असलेली) विमानं असतील तर स्पिन कुठे, कशावर आणि कोण देणार हे विचारा. उत्तर 'बाहेरून करून आणा' असेल तर तो खर्च तुमच्या हिशेबात धरा. आणि वजनाचं गणित स्वतः मांडा. सेस्ना १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. दोन धडधाकट माणसं आणि पूर्ण भरलेली टाकी, एवढं तिला बहुतेक वेळा झेपत नाही. स्कूल हे गणित दर उड्डाणाआधी मांडतं की 'चालतं हो' म्हणून सोडून देतं, हे बघणं म्हणजेच त्या स्कूलची परीक्षा.

स्पिनचा एक तास उरकून सही देणारी स्कूल बरीच आहेत, नियमाला ते पुरतंही. पण मला दोन उड्डाणं आवडतात: पहिल्यात तुम्ही स्पिनमध्ये जाऊन बाहेर येता, दुसऱ्यात इन्स्ट्रक्टर विद्यार्थ्याची भूमिका घेऊन चुकीचं इनपुट देतो आणि तुम्ही त्यावर बोलत बोलत बाहेर काढता. पॉवर बंद, एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) मध्यावर, उलट रडर, मग योक पुढे, हा क्रम परीक्षेत पाठ म्हणता येतो. विद्यार्थी घट्ट धरून बसलेला असताना तोच क्रम अमलात आणणं निराळं.

अमेरिकेत शिकणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. पूर्वी इन्स्ट्रक्टरच्या पहिल्या परीक्षेला चाकं आत घेणारं कॉम्प्लेक्स विमान लागायचं. एप्रिल २०१८ पासून ती अट गेली. तरीही कोर्सच्या खर्चात त्या महाग विमानाचे तास दाखवणारं स्कूल भेटलं तर कारण विचारा. 'अनुभव म्हणून चांगलं' हे उत्तर असू शकतं, पण मग ते ऐच्छिक हवं.

विमानांची संख्या विचारून फार काही कळत नाही. आज सकाळी उडण्याजोगी किती आणि त्यावर विद्यार्थी किती, हे गुणोत्तर महत्त्वाचं. गर्दीच्या दिवशी स्कूलमध्ये जाऊन बुकिंगचा बोर्ड बघा, हँगरमध्ये डोकावा. चार विमानं पत्रे काढून उभी असतील तर कारण विचारा: ठरलेली १०० तासांची तपासणी चालू आहे की पार्टची वाट पाहणं? मेंटेनन्स स्वतःचा आहे की बाहेरचा? शक्य झालं तर एखाद्या विमानाची दोषनोंद वही चाळा. तीच तक्रार, 'उजवा ब्रेक मऊ', महिनाभर वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेली आणि समोर प्रत्येक वेळी 'तपासले, ठीक', असं दिसलं तर तुम्हाला हवी ती माहिती मिळाली.

जमिनीवरचा भाग: इथे खरं स्कूल कळतं

माझा अनुभव असा की इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेत उमेदवार उड्डाणापेक्षा फळ्यासमोर जास्त अडकतात. एक्झामिनर तासन्‌तास विचारतो. म्हणून स्कूलला सरळ विचारा: मी फळ्यासमोर किती तास उभा राहणार, आणि ऐकणारा कोण असणार?

चांगल्या स्कूलमध्ये तुम्ही शिकवता आणि अनुभवी इन्स्ट्रक्टर विद्यार्थी बनून बसतो, तोही जरा डोकं खाणारा विद्यार्थी. तुम्ही म्हणता, स्पीड कमी झाला की स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल तुटते. तो हात वर करतो: "सर, मग डाइव्हमधून जोरात खेचल्यावर, स्पीड भरपूर असताना, स्टॉल कसा होईल?" इथे तुम्हाला अँगल ऑफ अटॅकवर (पंख समोरच्या हवेला कुठल्या कोनात भिडतो, त्यावर) यावंच लागतं, आणि सुरुवातच तिथून करायला हवी होती हे उमगतं. असे प्रश्न विचारायला वेळ असलेला माणूस त्या स्कूलमध्ये आहे का, हे शोधा. बरोबर आणखी दोन-तीन इन्स्ट्रक्टर-उमेदवार असतील तर दुधात साखर. एकमेकांना शिकवण्याची तयारी फुकट होते.

पहिल्याच दिवशी सगळ्या धड्यांची तयार फाइल हातात ठेवणाऱ्या स्कूलबद्दल मला शंका येते. नमुना म्हणून दोन-चार धडे ठीक. पण पूर्ण फाइल मिळाली की उमेदवार ती पाठ करतो आणि एक्झामिनरने क्रम बदलला की गडबडतो. स्वतः लिहिलेली, खाडाखोड केलेली फाइल पुढे शिकवतानाही रोज उपयोगी पडते.

हवेतल्या बोलण्याचंही तसंच. हाताने करता करता तेवढ्याच वेळात बसेल असं पॅटर, म्हणजे सोबतचं समजावणारं बोलणं, घडवावं लागतं. त्याचा सराव जमिनीवर, खुर्चीत बसून, मोठ्याने करवून घेणारं स्कूल तुमचे पैसे वाचवतं.

आकडे मागा, पण छेद तपासा

'आमचा निकाल ९५ टक्के' यात काही कळत नाही. पहिल्या प्रयत्नात की शेवटी? इन्स्ट्रक्टर रेटिंगचा की सगळ्या परीक्षांचा मिळून? छेद काय, म्हणजे परीक्षेला पाठवलेले उमेदवार की कोर्स सुरू केलेले? कच्च्या मुलांना परीक्षेलाच न पाठवून निकाल छान ठेवता येतो. अमेरिकेत पार्ट १४१ चं प्रमाणपत्र मिळवायला आधीच्या २४ महिन्यांत परीक्षेला पाठवलेल्यांपैकी किमान ८० टक्के पहिल्याच प्रयत्नात पास व्हावे लागतात. म्हणजे ८० हा कौतुकाचा आकडा नव्हे, दाराच्या उंबरठ्याची पट्टी आहे.

मी चार आकडे मागतो: गेल्या वर्षी इन्स्ट्रक्टर कोर्स किती जणांनी सुरू केला, किती जणांनी संपवला, पहिल्या प्रयत्नात किती, आणि सरासरी किती तास लागले. सोबत पाचवा प्रश्न, एक्झामिनरची तारीख मिळायला सध्या किती आठवडे लागतात. तयारी पूर्ण होऊन महिनाभर तारखेची वाट बघताना हात गंजू नयेत म्हणून जी उड्डाणं करावी लागतात, त्यांचा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

स्कूलने पुढे केलेल्या माजी विद्यार्थ्यांशी बोला, पण तेवढ्यावर थांबू नका. पार्किंगमध्ये, कँटीनमध्ये बसलेला, सध्या शिकत असलेला विद्यार्थी जास्त खरं बोलतो. त्याला 'स्कूल कसं आहे' असं विचारू नका, 'चांगलं आहे' असंच म्हणेल. मागच्या आठवड्यात तुझी किती उड्डाणं ठरली होती आणि किती झाली, हे विचारा.

पैसे

दर विचारताना तो इंधनासह आहे का आणि तास कुठल्या मीटरवर मोजतात, हे आधी. हॉब्ज मीटर खरा वेळ मोजतो, टॅक इंजिनच्या फेऱ्यांनुसार पळतो. टॅक्सी करताना किंवा कमी पॉवरवर टॅक मागे राहतो. त्यामुळे टॅकवर मोजणाऱ्या स्कूलचा दर थोडा जास्त दिसला तरी बिल कमी येऊ शकतं. ब्रीफिंगचे पैसे वेगळे का, एक्झामिनरची फी कुणी भरायची, परीक्षेसाठी विमानाचं भाडं कुठल्या दराने, नापास झाल्यास पुन्हा तयारीचा खर्च किती, हे सगळं कागदावर घ्या. विम्यात तुमची जबाबदारी किती, म्हणजे नुकसान झालं तर पहिली रक्कम कोण भरणार, हेही.

पूर्ण फी आगाऊ भरू नका, सवलत कितीही गोड असली तरी. अमेरिकेत सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही मोठी प्रशिक्षण साखळी फेब्रुवारी २००८ मध्ये अचानक बंद पडली आणि दिवाळखोरीत गेली. कर्ज काढून आगाऊ पैसे भरलेले विद्यार्थी अर्ध्या प्रशिक्षणावर अडकले, कर्जाचे हप्ते मात्र राहिले. हप्त्याहप्त्याने, झालेल्या उड्डाणांच्या मागे-पुढे पैसे द्या. एकरकमी घ्यायचेच असा हट्ट असेल तर परताव्याचं कलम वाचा आणि परतावा किती दिवसांत, हे आकड्यात लिहून घ्या.

'कोर्स करा, नोकरी देतो'

हे आश्वासन खरंही असू शकतं. आपल्याच पद्धतीने तयार झालेला इन्स्ट्रक्टर स्कूलला सोयीचा असतो. पण ते लेखी आहे का, जागा आहे की जागा झाल्यावर, पगार तासावर की ठरलेला, आणि बाँड आहे का? बाँड असेल तर तो किती महिन्यांचा किंवा तासांचा, आणि मध्येच सोडल्यास किती भरायचे? स्कूलमध्ये सध्या शिकवणाऱ्यांपैकी किती जण तिथलेच माजी उमेदवार आहेत, यावरून आश्वासनाचं वजन कळतं. सगळेच तिथले असतील तर आणखी एक शंका घ्यावी: बाहेरची पद्धत कुणी पाहिलेलीच नसेल, तर एकच चूक पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालत राहते.

सुरक्षेबद्दल दोन प्रश्न

फार लांबवत नाही. मागच्या वेळी हवामानामुळे उड्डाण रद्द केलं ते कुणी केलं, हा पहिला. 'इन्स्ट्रक्टरने' असं उत्तर यावं, आणि त्याला कुणी झापलं नाही असंही कळावं. नकली इंजिन-बंदचा सराव कुठल्या उंचीपर्यंत करता, आणि ते लिहिलेलं कुठे आहे, हा दुसरा. लिहिलेलं नसेल तर प्रत्येक इन्स्ट्रक्टर आपापल्या हिमतीवर ठरवतो आहे.

सही करण्याआधी

दोन-तीन स्कूल उरली की प्रत्येकात ठरलेल्या इन्स्ट्रक्टरबरोबर एक उड्डाण पैसे देऊन करा, उजव्या सीटवरून, आणि आधी सांगा की मला एक धडा शिकवून दाखवायचा आहे. उतरल्यावर त्याने काय लिहून दिलं, ते बघा. 'छान, अजून सराव हवा' म्हणाला तर काहीच मिळालं नाही. 'बोलायला लागलास की डावा पंख खाली जातो, आणि नजर विद्यार्थ्याच्या हातावर नाही' असं म्हणाला तर फी वसूल.

प्रवेश घेतल्यावर लॉगबुकची नोंद आणि प्रशिक्षण-नोंदीवरची सही त्याच दिवशी घ्या, 'शनिवारी सगळं एकदम करू' यावर राहू नका, आणि प्रत्येक पानाचा फोटो स्वतःकडे ठेवा. इन्स्ट्रक्टर बदलला, स्कूल बदलावं लागलं किंवा बंदच पडलं, तर पुढच्या ठिकाणी तुमचे तास धरले जाणार की नाही ते याच पानांवर ठरतं.